हातात धरून बघा

"ताई, आधी हातात धरून बघा. किंमत मग बोलू."

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला पायरीवर थांबावं लागतं. दुकानदारकाकांनी काउंटरवर दोन एसएमपीएस ठेवले. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला त्याच्या पचनी पडेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. दोन्ही डबे एकाच मापाचे, दोघांनाही पंखा, दोघांच्याही शेपटीला वायरींचा जुडगा. एकावर ४५० लिहिलेलं, दुसऱ्यावर ६५०. पहिला मी एका हाताने उचलला आणि तो अपेक्षेपेक्षा इतका हलका निघाला की हात वरच गेला. दुसऱ्याला दुसरा हात लावावा लागला.

माझी भाची मात्र वजनावर थांबली नाही. तिने हलक्या डब्याची बाजू उजेडाकडे फिरवली आणि लेबलावरचा बारीक तक्ता वाचायला घेतला. "मावशी, हे बघ. बारा व्होल्टच्या रकान्यात सोळा अँपिअर. सोळा गुणिले बारा, एकशे ब्याण्णव." आजच्या कॉम्प्युटरमधले खादाड भाग दोनच, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, आणि दोघंही बारा व्होल्टवर जगतात. म्हणजे वर ठळक अक्षरात ४५० वॅट छापलेल्या त्या डब्यातून खऱ्या कामाला मिळणार १९२ वॅट. जड डब्याच्या त्याच रकान्यात ५४ अँपिअर होते. ५४ गुणिले १२, ६४८. छापलेला आकडा आणि दिलेला आकडा जवळजवळ एकच.

काका हसले. "हिला कोणी शिकवलं?"

शिकवलं कोणी नव्हतं. तिला स्वतःचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून जोडायचा होता, म्हणून २०२५ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत तिने एका दोनशेपानी वहीत प्रत्येक भागाची माहिती उतरवून काढली होती. मी सोबत होते ती दोन कारणांनी. एक म्हणजे मला हा लेख लिहायचा होता. दुसरं कारण जुनं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी दुकानात एसएमपीएसपाशीच का अडून बसले होते ते कळणार नाही.

२००१ साली, पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी कॉम्प्युटर घेतला. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्ड डिस्क. उपनगरातल्या एका दुकानाने जोडून दिला. मी फक्त पैसे मोजले, आत काय बसवलं ते विचारलं नाही. कॅबिनेटसोबत एसएमपीएस "फुकट" मिळाला याचा तेव्हा आनंदच झाला होता. त्या कॉम्प्युटरवर मी दोन हिवाळे बसून आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या. आजी निफाड तालुक्यातली. तिच्या आवाजातल्या कॅसेटी लावायच्या, थांबवायच्या, ओळ लिहायची, पुन्हा मागे न्यायच्या. एकशे चाळीसच्या वर ओव्या झाल्या होत्या. आजी २००२ मध्ये गेली. २००३ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी गेलेली वीज परत आली, कॅबिनेटमधून फट्कन आवाज आला आणि खोलीत जळक्या रबराचा वास भरला. एसएमपीएस एकटा गेला नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोघांना घेऊन गेला. कॅसेटींना तोवर बुरशी लागली होती. ती डिस्क मी टाकली नाही. आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: जो भाग दिसत नाही, ज्याची जाहिरात होत नाही, ज्याचे आकडे मित्रमैत्रिणींना सांगून कोणी चकित होत नाही, त्याच्यापासून निवड सुरू करायची. भाचीची पहिली यादी बरोबर उलट्या क्रमाने होती.

तिच्या वहीतलं ते पान माझ्याकडे आहे. सर्वांत वर आय-सेव्हन प्रोसेसर, त्याखाली आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, पाण्याने थंड करणारा कूलर, तीन बाजूंनी काच असलेलं दिव्यांचं कॅबिनेट, १६ जीबी रॅम. आणि सर्वांत शेवटी, पेन्सिलीने: "एसएमपीएस, कोणताही." घरून ठरलेली रक्कम नव्वद हजार. यादी त्याच्या बरीच पुढे गेली होती आणि त्यात मॉनिटर धरलेलाच नव्हता.

यादी खोडायला सुरुवात झाली ती एका प्रश्नाने. तुझं काम काय?

ती ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ब्लेंडर वापरते. ब्लेंडर हे थ्रीडीचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. २०२५ च्या मार्चमध्ये 'फ्लो' या लाटवियातल्या चित्रपटाला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तो संपूर्ण ब्लेंडरमध्ये केलेला आहे. ती बातमी आली त्या दिवशी हिने मला सकाळी सात वाजता फोन केला होता. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते यंत्राचा घाम काढतं. सेकंदाला २४ चित्रं, दहा सेकंदांच्या तुकड्याला २४०. तिच्या जुन्या लॅपटॉपला एका चित्राला सहा मिनिटं लागत. दोनशे चाळीस गुणिले सहा, म्हणजे पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. एवढ्या वेळात दिव्याची जागा चुकली आहे हे कळलं की पुन्हा एक दिवस, एक रात्र. सबमिशनच्या आठवड्यात ती लॅपटॉपखाली चार बाटल्यांची झाकणं लावून त्याला उंच करायची, वारा लागावा म्हणून.

काम बदललं की यादी बदलते हे तपासायला मी आणखी काही जणांकडे जाऊन आले. पुण्यात दिवाळी अंकांची पानं लावणारे एक डीटीपीवाले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे ग्राफिक कार्ड नाही, प्रोसेसर साधा आहे, पण मॉनिटर उत्तम आणि यूपीएस दणकट. "पान दिसलं पाहिजे आणि वीज गेली तरी सेव्ह झालं पाहिजे. मला बाकी काय करायचंय?" कोल्हापूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा भेटला. त्याने मुद्दाम इंटेलचा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला होता, कारण त्याच्या कॅमेऱ्याचं दहा बिटी फुटेज उलगडण्याची सोय त्या प्रोसेसरमध्ये आहे. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तर बाजारातला जवळजवळ कोणताही नवा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एक एसएसडी एवढं पुरतं. त्यापलीकडे खर्च केलेला रुपया तिच्या कामात दिसणार नाही.

ब्लेंडरचं चित्र पक्कं करण्याचं काम, म्हणजे रेंडरिंग, मुख्यतः ग्राफिक कार्ड करतं. त्यामुळे आय-सेव्हन पहिल्यांदा गळाला. त्याच्या जागी एएमडीचा रायझन ५ ७६०० आला: सहा कोअर, ६५ वॅट, आणि सोबत डब्यातच एक साधा कूलर. म्हणजे पाण्याचा कूलरही गळाला. इथे कागदावर जवळजवळ बारा हजार वाचले आणि ते कार्डाकडे व रॅमकडे वळले.

कार्डापाशी आम्ही सर्वांत जास्त दिवस घालवले. आरटीएक्स ४०६० नवं, जास्त वेगवान, आणि वीज खातं फक्त ११५ वॅट. पण त्याच्या पोटात स्मृती ८ जीबी. आरटीएक्स ३०६० हे २०२१ मधलं कार्ड, मंद, १७० वॅटचं, पण त्यात १२ जीबी. थ्रीडीत दृश्यातली प्रत्येक वस्तू, तिच्यावरचा प्रत्येक पोत, झाडाचं प्रत्येक पान कार्डाच्या स्मृतीत मांडावं लागतं. जागा पुरली तर काम कार्डाच्या वेगाने होतं. पुरली नाही तर कार्ड कॉम्प्युटरच्या रॅमकडे हात पसरतं आणि वेग कोसळतो, किंवा काम मध्येच बंद पडतं. भाचीने तिच्या मागच्या सत्रातलं सर्वांत जड दृश्य, कोकणातलं एक घर, परसात फणस आणि माड, कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर उघडून मोजलं. साडेनऊ जीबी. त्या संध्याकाळी वहीत ४०६० वर काट बसली. खेळांसाठी घेणाऱ्याने कदाचित उलटं करावं. हिच्यासाठी ३०६० बरोबर होतं. तेव्हाचा भाव साडेचोवीस हजार.

त्याच कार्डाची जुनी प्रत त्याच रस्त्यावर बरीच स्वस्तात मिळत होती. २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं खोदकाम करणाऱ्यांनी कार्डं ढिगाने उचलली होती आणि सामान्य गिऱ्हाइकाला ती दिसतही नव्हती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खोदकामाची गरज संपली, आणि ती कार्डं बाजारात सांडली. त्यातली काही अजून फिरतात. दिवसरात्र तापून निघालेल्या कार्डाचे पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेले असतात. वॉरंटी नाही, बिल नाही. ज्याला उघडून दुरुस्त करता येतं त्याने जरूर घ्यावं. पहिल्यांदा जोडणाऱ्याने, माझ्या मते, नाही.

हे सगळं बाजारातून सुटं आणून घरी जोडता येतं याचं श्रेय एका जुन्या घाईला आहे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला पीसी आणला. कंपनीच्या नेहमीच्या चालीने तो बनवायला अनेक वर्षं लागली असती. फ्लोरिडात बोका रॅटन इथल्या छोट्या चमूने तो वर्षभरात उभा केला, कारण त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, बाकीचे भागही बाजारात मिळणारेच घेतले आणि रचना उघडी ठेवली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्याला जुळणारं यंत्र जाहीर केलं, आणि मग जुळणाऱ्या भागांचा पूर आला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. मदरबोर्डाची भोकं कुठे, एसएमपीएस केवढा, स्क्रू कुठे, हे ठरलं. तीस वर्षांनी, तैवानच्या कंपनीचा बोर्ड आणि कुठल्याही दुसऱ्या कंपनीचं कॅबिनेट भाचीच्या बदलापूरच्या घरात जेवणाच्या टेबलावर एकमेकांत बसतात ते त्यामुळे. मराठी माणसाला इथे पुण्याची आठवण यावी. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. त्यातले प्रोसेसरही इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाहेरून घेतलेले ट्रान्सप्यूटर होते. विकत मिळणारे भाग आणून त्यांना एकत्र कामाला लावण्याची ती विद्या होती.

लॅमिंग्टन रोडला स्वतःची अशी विद्या आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव त्याला होतं. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याला विचारलंत तर जुनंच नाव लागतं. एके काळी हा थिएटरांचा रस्ता. मिनर्व्हामध्ये 'शोले' पाच वर्षं चालला तो इथेच. रेडिओचे सुटे भाग, ॲम्प्लिफायर, केबल यांच्या दुकानांत पुढे कॉम्प्युटर शिरला. आजही एका दुकानात ग्राफिक कार्ड आणि शेजारच्या दुकानात लग्नाच्या बँडचे स्पीकर विकले जातात. हमाल डोक्यावर मॉनिटरची तीन खोकी घेऊन "साइड, साइड" करत जातो. ऑनलाइन भाव कधी चारशे रुपये कमी असतो, कधी सातशे जास्त. पण भाग हातात धरायला इथेच मिळतो, आणि बिघडला तर समोर उभं राहायला एक माणूस असतो. पुण्याकडच्यांना तपकीर गल्ली हेच देते.

बिलाबद्दल काकांनीच बजावलं. "जीएसटीचं बिल घ्या, आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या." सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्चं बिल घेणारे पुष्कळ. प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला आणि एसएमपीएसला पाच पाच वर्षं वॉरंटी असते. ती कच्च्या कागदावर मागता येत नाही. आम्ही सगळे नंबर टॅली करेपर्यंत पायरीवरचं गिऱ्हाईक दोनदा बदललं.

मदरबोर्ड निवडताना पैशाचा खरा पेच पडला. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती खोबण म्हणजे सॉकेट. इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ, त्याला जुळणारा बोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम घेतली असती तर दहा-अकरा हजार वाचत होते, आणि आजच्या कामात फरक थोडाच पडला असता. ज्यांची रक्कम साठ हजारांत संपते त्यांना मी डोळे मिटून तोच मार्ग सांगेन. मात्र नावातल्या त्या "एफ"कडे लक्ष असू द्यावं. त्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. अनेकांनी असा प्रोसेसर कार्डाविना घेऊन दोन दिवस डोकं धरलेलं आहे. भाचीने एएमडीचं एएम५ सॉकेट घेतलं, कारण तिला हे यंत्र पाच-सहा वर्षं वाढवत न्यायचं आहे. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटसाठी २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि २०२४ मध्येही नवे प्रोसेसर येत होते. २०१७ मध्ये चांगला बोर्ड घेतलेल्या कित्येकांनी नुसता प्रोसेसर बदलून यंत्र तरुण ठेवलं. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत तरी त्याला साथ देऊ असं कंपनीने जाहीर केलेलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या स्टायपेंडमधून फक्त प्रोसेसर बदलायचा, असं तिच्या वहीत आत्ताच लिहिलेलं आहे.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या, तेव्हा ८,२०० रुपये. एकच ३२ ची पट्टी दोन-अडीचशेने स्वस्त पडत होती, पण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. बोर्डावर चार खाचा असल्या तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबी वाचायची, ही काही हजार वाचते. यावर लिहिण्यासारखं एवढंच. चांगल्या कंपनीची घ्या आणि पुढे चला.

पण दुसरी प्रत ठेवायची डिस्क यादीत नव्हती. ती मी माझ्या पैशांनी घेऊन दिली, २ टीबीची, आणि कोणत्या वारी प्रत काढायची ते तिच्याकडून वहीत लिहून घेतलं.

कॅबिनेटपाशी आमचं थोडं वाजलं. तिला काच हवी होती. समोर काच असलेलं कॅबिनेट म्हणजे खिडक्या बंद करून पंखा लावलेली खोली. यूट्यूबवर जे तापमान दाखवतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतलं. बदलापूरला मे महिन्यात दुपारी घरात चौतीस असतं, आणि हवेने थंड होणारं कोणतंही यंत्र खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तिथे साठ दिसतात तर इथे बहात्तर धरा. शेवटी समोर पूर्ण जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा धुळीचा फिल्टर आणि तीन पंखे असलेलं कॅबिनेट ३,९०० ला घेतलं. एका बाजूला काच आहेच. तिचा आग्रह तेवढा राहिला आणि राहायलाच हवा होता. रोज त्या यंत्राकडे बघणार ती आहे.

आणि एसएमपीएस. सगळ्या यंत्राची भूक बेरजेला साधारण सव्वातीनशे वॅट येत होती. कार्ड क्षणभर उसळी मारतं, एसएमपीएस अर्ध्या भारावर सर्वांत कार्यक्षम चालतो, आणि पुढे मोठं कार्ड येऊ शकतं, म्हणून ६५० वॅटचा, ब्राँझ प्रमाणपत्राचा. ब्राँझ म्हणजे अर्ध्या भारावर भिंतीतून घेतलेल्या शंभर वॅटपैकी सुमारे पंच्याऐंशी यंत्राला पोचतात, बाकीचे उष्णतेत जातात. पण मला प्रमाणपत्रापेक्षा दुसरंच महत्त्वाचं होतं: दाब वाढला, शॉर्ट झालं, भार जास्त झाला तर तो स्वतः बंद पडतो की इतरांना घेऊन जातो. चांगल्या डब्यात त्यासाठीचे संरक्षक भाग असतात, आणि मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड कॉइल, भरीव कपॅसिटर यांचंच ते वजन असतं. वजन हा पुरावा नव्हे, लेबल आणि चाचणी अहवाल बघायलाच हवेत. तरी काकांनी हातात धरायला लावलं ते योग्यच होतं. ५,२०० रुपये. मोजताना मला एका पैशाचंही वाईट वाटलं नाही.

एसएमपीएस चांगला असून भिंत वाईट असेल तर? कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असं सांगणारे मला चार जण तरी भेटले. तो यंत्राचा दोष नसतो. भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घुसवलेला असतो. जुन्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास. कॉम्प्युटर आणण्याआधी एका इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. आम्ही घेतलं, आणि बदलापूरच्या त्या खोलीतली वायर खरोखरच तुटलेली निघाली.

यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून बिल ९२,१०० झालं. नव्वदवर दोन हजार एकशे. विंडोजचं लायसन्स त्यात नाही. घरगुती आवृत्तीचेच तेव्हा दहा हजारांच्या आसपास होत, आणि बहुतेक जण ते हिशेबात धरायलाच विसरतात. तिने त्याऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. ब्लेंडर तिच्यावर उत्तम चालतं.

जोडणी रविवारी झाली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं, एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, स्क्रूंसाठी स्टीलच्या तीन वाट्या. बसण्याआधी आणि मधूनमधून नळाला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरवायला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या, १,७१८. त्यातली एक वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. भाचीने प्रोसेसर कडांना दोन बोटांत धरला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणावर आणला आणि सोडून दिला. दाबायचा नसतोच. मग दांडा खाली. त्या दांड्याला खरोखर जोर लागतो, काहीतरी चिरडतंय असं वाटतं, आणि ताईने, म्हणजे तिच्या आईने, स्वयंपाकघरातून विचारलं, "तुटलं का गं?" कूलरचे चार स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे घट्ट करत गेलो. सर्वांत जास्त वेळ गेला कॅबिनेटच्या बटणाच्या वायरींना. तांदळाएवढे जोड, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, अधिक-उण्याची दिशा. तिच्या बाबांनी मोबाइलचा उजेड धरला आणि ती जमिनीवर आडवी होऊन एकेक पिन बसवत गेली.

संध्याकाळी सहाला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

अर्धा मिनिट. एक मिनिट. दोन. ताई हातातलं काम टाकून दारात आली. मला वीस वर्षांपूर्वीचा तो वास आल्यासारखं झालं आणि मी स्विचकडे हात नेला. भाचीने माझं मनगट धरलं. "मावशी, थांब. नवी रॅम पहिल्यांदा ओळखून घ्यायला एएम५ ला वेळ लागतो. वहीत आहे. बंद करायचं नाही." तिचा आवाज शांत होता, हात गार पडला होता. साडेतीन मिनिटांनी पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह उमटलं.

सेटिंगमध्ये शिरून तिने आधी रॅमचा वेग ६,००० वर नेला. हे न करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची महागडी रॅम वर्षानुवर्षं ४,८०० वरच चालते. रात्री अकराला फणस-माडांचं ते घर उघडलं. एका चित्राला चाळीस सेकंद. दोनशे चाळीस चित्रं दोन तास चाळीस मिनिटांत. ती मोजत जागी राहिली. मी सोफ्यावर झोपले आणि पहाटे उठून पाहिलं तेव्हा पडद्यावरच्या परसात ऊन पानांमधून खाली उतरत होतं.

चहा पिताना तिने विचारलं, "मावशी, ती आजींची डिस्क कुठेय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा लॅमिंग्टन रोडवर होतो, या वेळी एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जुन्या भागांच्या खोलीत. तिने वाचून काढलं होतं की जादा दाबाने बहुधा डिस्कच्या पाठीचं सर्किट जळतं, आतल्या तबकड्या शाबूत असू शकतात. त्या काळच्या डिस्कला त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पाठ लावून पाहता येते. साडीचा तुकडा मी काउंटरवर उलगडला. साठीचे एक गृहस्थ भिंग लावून लेबल वाचत होते. पाठीवर एक काळा डाग होता, नखाएवढा. त्यांनी डिस्क कानाशी नेऊन हलकेच तिरपी केली, ऐकलं, परत ठेवली.

"नुसतं मॉडेल जुळून चालणार नाही, आतला आवृत्तीचा नंबरही हाच पाहिजे. असा माल आता क्वचित येतो. लिहून द्या. गुरुवारी फोन करा."

तिने दोनशेपानी वही काढली. सगळ्या भागांपुढे खुणा झालेल्या यादीचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर वर तारीख घालून लिहायला लागली: हार्ड डिस्क, २० जीबी, आयडीई.